वाचकांचे प्रश्न : 'तू माझा त्याग का केलास?'

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम. मी निवृत्त शिक्षिका असून सांगलीत विश्रामबाग भागात राहते. दोन वर्षांपूर्वी माझे यजमान प्रभूमध्ये झोपी गेले. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला आणि मुलगी नाशिकला सासरी असते. दोघेही नियमाने फोन करतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण संध्याकाळी दिवे लागले की घर अंगावर येते. आमच्या इमारतीत ख्रिस्ती कुटुंब आमचे एकच. शेजारी चांगले आहेत, दिवाळीत फराळाचे ताट आठवणीने आणून देतात, तरी मनातले बोलावे असे कोणी नाही. गेल्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तीन तासांच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरील चौथ्या उद्गारावरचा, म्हणजे 'तू माझा त्याग का केलास?' या शब्दांवरचा उपदेश ऐकताना मला रडू आवरेना, कारण तेच शब्द मी रोज रात्री मनात म्हणत असते. उपासनेनंतर एका वडीलधाऱ्या सभासदांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "बाई, ज्याच्याजवळ प्रभू आहे तो एकटा कसा? तुमचा विश्वास कमी पडतो आहे." तेव्हापासून मला प्रार्थनेला बसण्याचीही भीती वाटू लागली आहे. येशूच्या वधस्तंभावरील मरणाचा माझ्यासारख्या एकट्या माणसाला नेमका काय आधार आहे? (एक भगिनी, सांगली)

उत्तर : बाई, सलाम. तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि प्रत्येक वेळी त्या वडीलधाऱ्या सभासदांच्या वाक्यापाशी अडलो. त्यांचा हेतू वाईट नसणार. समोरच्याचे दुःख पाहवत नाही, तेव्हा आपण पुष्कळदा घाईने एखादे वचन पुढे करतो आणि मोकळे होतो. तरीही ते वाक्य चुकीचे आहे, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पवित्र शास्त्रात 'बरे नाही' असे देव पहिल्यांदा म्हणतो ते उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाच्या अठराव्या वचनात : "मनुष्य एकटा असावा हे बरे नाही." ही गोष्ट पापाचा प्रवेश होण्यापूर्वीची, एदेन बागेतली आहे. आदामाजवळ देव होता, देव त्याच्याशी बोलत होता, आणि तरीही तो एकटा आहे असे देवानेच म्हटले. माणसाला माणूस हवा असतो, ही देवाने स्वतः केलेली घडण आहे. तिला विश्वासाची उणीव म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. तुमचे यजमान गेले आणि त्यांची जागा घरात रिकामी आहे. ती रिकामी जागा तुम्हाला जाणवते, यात क्षमा मागण्यासारखे काही नाही.

आता चौथ्या उद्गाराकडे वळतो. आपण ज्यांना वधस्तंभावरील सात उद्गार म्हणतो, ते सातही एका शुभवर्तमानात मिळत नाहीत. तीन लूककडून येतात, तीन योहानाकडून, आणि मत्तय व मार्क या दोघांनी मिळून एकच उद्गार नोंदवला आहे, तो हा : "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" तीन तासांच्या उपासनेत सात उपदेश एकापाठोपाठ होतात, त्यामुळे या उद्गाराच्या अलीकडे क्षमेचा आणि सुखलोकाचा शब्द असतो, पलीकडे "पूर्ण झाले आहे" आणि "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो" हे शब्द असतात, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही बाजूंनी धरायला काहीतरी मिळते. मार्काचा पंधरावा अध्याय वाचताना तसा आधार मिळत नाही. तेथे दुपारी बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडतो, त्या अंधारात ही एक हाक येते, आणि त्यानंतर येशूच्या तोंडून एकही शब्द निघत नाही, फक्त एक मोठी आरोळी आणि मरण. एकट्या माणसाने एकदा तरी हा अध्याय इतर शुभवर्तमानांची भर न घालता, आहे तसा वाचावा, असे मला वाटते.

मार्काने आपले पुस्तक ग्रीक भाषेत लिहिले, पण ही हाक मात्र त्याने येशूच्या मायबोलीत, म्हणजे अरामी भाषेत, "एलोई, एलोई, लमा सबख्थनी?" अशी जपून ठेवली आणि अर्थ नंतर दिला. मिरजेच्या एका रुग्णालयात मी काही वर्षे रुग्णांच्या भेटीचे काम केले आहे. तेथे सीमेपलीकडून, बेळगाव आणि विजापूरकडून पुष्कळ रुग्ण येतात. दिवसा डॉक्टरांशी आणि परिचारिकांशी नीट मराठीत बोलणारी ही माणसे रात्री वेदना वाढली की कानडीत कण्हत. ते ऐकताना मला नेहमी मार्काच्या या ओळीची आठवण होई. वेदनेच्या टोकाला माणूस शिकलेल्या भाषेत बोलत नाही. देवाच्या पुत्रानेही तसेच केले, आणि ते शब्द ज्यांनी जपले त्यांनी ते सुधारून, सौम्य करून ठेवले नाहीत.

या हाकेनंतरच्या वचनावर उपदेशांतून फार थोडे बोलले जाते, आणि तुमच्या पत्राच्या संदर्भात मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. जवळ उभे असलेल्यांपैकी काहींनी ती हाक ऐकली आणि ते म्हणाले, "पाहा, तो एलीयाला हाक मारत आहे." म्हणजे ती हाकही नीट ऐकली गेली नाही. येशू 'माझ्या देवा' म्हणाला आणि लोकांनी एलीया संदेष्ट्याचे नाव ऐकले. कोणी धावत जाऊन आंब भरलेला बोळा वेताच्या टोकावर बसवून त्याच्या ओठांशी नेला आणि एलीया येतो की काय ते पाहू लागला. गर्दी होती, आवाज ऐकू जाण्याइतकी माणसे जवळ होती, कोणी काहीतरी करतही होते, पण त्याला काय म्हणायचे होते ते कोणाला कळले नाही. बाई, तुम्ही उपासनेनंतर आपले मन उघड केले आणि ऐकणाऱ्याने त्यातून 'विश्वास कमी पडतो आहे' एवढेच ऐकले. इमारत भरलेली आहे, फोन येतात, फराळाचे ताट येते, आणि तरीही बोललेले पोहोचत नाही, असे जे तुम्ही लिहिले आहे, ते गुलगुथ्यावर, येशूला वधस्तंभावर दिले त्या जागी, घडलेले आहे. ज्याच्यापुढे तुम्ही रात्री हे शब्द म्हणता, त्याने हे शब्द स्वतः उच्चारले आहेत आणि ते कोणी चुकीचे ऐकले तर काय वाटते तेही त्याला ठाऊक आहे. म्हणून प्रार्थनेची भीती बाळगू नका. तुम्ही म्हणता तीही प्रार्थनाच आहे, आणि ती त्यानेच केलेली आहे.

येथे एक शंका पुष्कळांच्या मनात येते, तिचा विचार केला पाहिजे. हे शब्द बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे आहेत आणि त्या स्तोत्राचा शेवट देवाच्या स्तवनाने होतो; तेव्हा येशू मनातल्या मनात ते संपूर्ण स्तोत्र म्हणत होता, त्याला खरोखर टाकून दिल्यासारखे वाटत नव्हते, असे काही उपदेशक सांगतात. ते स्तोत्र त्याला तोंडपाठ असणार आणि त्याचा शेवटही त्याला ठाऊक असणार, हे मी मान्य करतो. त्या स्तोत्राच्या चोविसाव्या वचनात देवाने दुःखिताकडे पाठ फिरवली नाही, त्याने धावा केला तेव्हा ऐकले, असे आहे, आणि त्या वचनाचा मला स्वतःला फार आधार वाटतो. पण शेवट ठाऊक आहे म्हणून आरंभ खोटा ठरत नाही. मरणाच्या दारात जो पहिल्या ओळीपाशी थांबला, त्याला पुढच्या ओळींकडे घाईने ओढत नेण्याचे आपल्याला कारण नाही. तुम्हीही आज पहिल्याच ओळीवर असाल तर तेथेच राहा, पुढच्या ओळी कोठे जात नाहीत. त्या पहिल्या ओळीत एक लहानसा शब्द दोनदा आला आहे, 'माझ्या'. टाकले गेल्याची तक्रार ज्याच्याकडे करायची, त्याला तो 'माझा' म्हणतो.

याच्या उलट दुसरी एक शिकवण आपल्याकडे ऐकू येते, ती अशी की जगाचे पाप येशूवर लादले गेले तेव्हा पित्याने त्याच्यापासून तोंड फिरवले. पापाचे ओझे त्याने वाहिले हा आपल्या विश्वासाचा गाभा आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःबरोबर समेट करत होता. समेट करणारा त्या वेळी अन्यत्र नव्हता. योहानाच्या सोळाव्या अध्यायात येशू शिष्यांना आधीच सांगतो की तुम्ही मला एकटे सोडाल, तरी मी एकटा नाही, कारण पिता माझ्याबरोबर आहे. वधस्तंभावर त्याला पित्याची जवळीक जाणवली नाही आणि तरी पिता तेथे होता, या दोन्ही गोष्टी मी एकत्र धरतो. त्यांचा पूर्ण मेळ मला बुद्धीने घालता येत नाही, पण एकट्या माणसाला यांतली एकही गोष्ट कमी करून सांगू नये असे माझे ठाम मत आहे. जाणीव नसणे आणि देव नसणे ही एकच गोष्ट नव्हे. माझी पत्नी वारली त्या वर्षी पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) सकाळी मला 'उपासना संगीत' हे आपले गीतपुस्तक उघडून एक ओळ म्हणता आली नाही. दफनविधीनंतर आठवडाभर घर माणसांनी भरलेले होते, पुढे महिना महिना कोणी फिरकले नाही. त्या दिवसांत मला कसलीही जवळीक जाणवत नव्हती. हे मी पाळक असूनही सांगतो, कारण तुम्हाला ते कळावे असे वाटते.

वधस्तंभ ही शिक्षाच माणसाला तोडण्यासाठी योजलेली होती, हे आपण गळ्यात सोन्याचा क्रूस घालणारे लोक विसरतो. रोमी सत्ता ती मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना देत असे. रोमी नागरिकाला सहसा अशा मरणापासून दूर ठेवले जाई. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशा जागी, वस्त्रे काढून, सावकाश मरण. एवढ्या अप्रतिष्ठेत मेलेल्याला आपला म्हणायला कोण पुढे येणार? १९६८ साली यरुशलेमजवळच्या एका थडग्यात त्या काळातील अस्थींची एक दगडी पेटी सापडली. तिच्यात टाचेचे एक हाड होते आणि त्यात लोखंडी खिळा तसाच रुतलेला होता. वधस्तंभावर मेलेल्या त्या माणसाचे नाव पेटीवर कोरलेले होते. मला त्या खिळ्यापेक्षा ते नाव अधिक हलवून जाते. घरच्या कोणीतरी ते शरीर मागून आणले, कुटुंबाच्या थडग्यात ठेवले आणि नाव कोरून घेतले. अरिमथाईकर योसेफाने रोमी सुभेदार पिलाताकडे धैर्याने जाऊन येशूचे शरीर मागितले, हे मार्क सांगतो, तेव्हा त्या कृत्याचे मोल अशा पार्श्वभूमीवर लक्षात येते.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे की येशूने 'वेशीबाहेर दुःख सोसले'. हा शब्द आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सातारा-सांगलीच्या मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबांच्या आज्या-पणज्यांची घरे वेशीबाहेर होती. गावाचे पाणी, गावाचे देऊळ, गावाची पंगत या सर्वांच्या पलीकडे जगण्याचा अर्थ त्यांनी पिढ्यानपिढ्या भोगला होता. ज्या शतकात त्यांनी हे वचन मराठीत पहिल्यांदा ऐकले, त्या शतकात ते त्यांना कसे लागले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि पुढे मिरजेत कुष्ठरुग्णांसाठीही स्वतंत्र रुग्णालय झाले. ज्यांना घरच्यांनी आणि गावाने बाहेर काढले, त्यांच्या शेजारी जाऊन बसण्याचे ते काम याच वचनाच्या पुढच्या ओळीतून आले आहे. त्या ओळीत, त्याचा अपमान सोशीत आपण छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ, असे म्हटले आहे. येशू वेशीच्या आत राहून बाहेरच्यांना आत या म्हणत नाही. तो स्वतः बाहेर नेला गेला. जो बाहेर पडलेला आहे, त्याला देव शोधण्यासाठी आधी आत येण्याची अट त्यामुळे उरली नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला सांगलीचा महापूर तुम्ही पाहिला असेलच. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, याचे आकडे सगळे जण तासातासाला विचारत होते. पण गच्चीवर अडकलेल्या कुटुंबाला आकडा नको होता, होडी हवी होती. ख्रिस्ती विश्वासाने वधस्तंभाविषयी जे सांगितले आहे ते मला याहून वेगळे वाटत नाही. देवाने काठावरून दुःखाची खोली मोजून पाठवली नाही, तो पाण्यात उतरला, आणि पाणी त्याच्या नाकातोंडात गेले.

आता तुमच्या पत्रातल्या संध्याकाळकडे येतो, कारण येथपर्यंतचे सर्व खरे असले तरी दिवे लागल्यावर घर अंगावर येणारच आहे. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू वधस्तंभावरून आपल्या आईला म्हणतो, "बाई, पाहा, हा तुझा मुलगा!" आणि शिष्याला म्हणतो, "पाहा, ही तुझी आई!" आईला 'बाई' म्हटले म्हणून आपल्याकडे काहींना हा शब्द कोरडा वाटतो. मूळ भाषेत तो तसा नाही, आणि ज्या भागात शिक्षिकेला आदराने बाई म्हणतात तेथे तो कोरडा वाटूही नये. स्वतःचा श्वास अडकत असताना त्याने एका विधवेच्या घराची व्यवस्था लावली. "देव तुझ्याजवळ आहे" एवढे सांगून तो थांबला नाही, त्याने तिला माणूस दिले. आणि त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले, असे योहान लिहितो. तेव्हा वधस्तंभ समजला आहे की नाही, याची परीक्षा खरे पाहता तुमची नाही, तुमच्या मंडळीची आहे. एखाद्या मंडळीत विधवा भगिनी रोज रात्री एकटी रडत असेल आणि तिला वचने मिळत असतील पण घर मिळत नसेल, तर त्या मंडळीने उत्तम शुक्रवारी चौथ्या उद्गारावर बोलण्यापूर्वी तिसरा उद्गार, म्हणजे आईला आणि शिष्याला उद्देशून म्हटलेले हे शब्द, पुन्हा वाचावा.

तुम्ही स्वतः काय करावे, हे मी थोडक्यात लिहितो. एकीकडून नीट ऐकले गेले नाही म्हणून बोलणे सोडू नका, दुसऱ्या एका व्यक्तीला सांगा. पाळकीणबाई असतील, भगिनी मंडळातील कोणी असेल, अथवा तुमच्या मजल्यावरची फराळ आणणारी शेजारीणही असेल. ती ख्रिस्ती नसली तरी चालेल. संध्याकाळची कॉटेज मीटिंग, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, महिन्यातून एकदा तुमच्या घरी ठेवण्याविषयी पाळकांशी बोला. तुम्ही शिक्षिका होता. दिवे लागण्याच्या वेळी इमारतीतील दोन मुलांना अभ्यासाला बोलावता आले तर तो वेळ रिकामा राहणार नाही. येशूने आईला मुलगा दिला तेव्हा त्या मुलालाही आई दिली, हे विसरू नका. तुमची गरज असणारे कोणी असेल.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांचा असून सातारच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी मी येशूवर विश्वास ठेवला. घरचे गाव जवळच आहे, पण वडिलांनी बोलणे टाकले आहे आणि आई चोरून फोन करते. मी भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. ज्या लहान मंडळीत मी जातो तेथील एका बांधवांनी सांगितले की हा तुझा वधस्तंभ आहे, तो मुकाट्याने उचल, आणि घरच्यांचा मोह सोड. हल्ली झोप लागत नाही, जेवण जात नाही. वधस्तंभ म्हणजे एकट्याने दुःख सोसणे असाच अर्थ आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही, असा अर्थ नाही, आणि प्रथम झोपेविषयी बोलतो. झोप आणि भूक काही आठवडे हरवली असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांची भेट आवश्यक आहे. शासनाच्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. मनात जीव नकोसा झाल्याचा विचार येत असेल तर आजच फोन करा आणि आजची रात्र खोलीवर एकट्याने काढू नका. डॉक्टरांकडे जाण्यात विश्वासाचा काहीही कमीपणा नाही.

तुमच्या बांधवांनी ज्या वचनाचा आधार घेतला ते मार्काच्या आठव्या अध्यायातील आहे. येशूने ते लोकसमुदायाला आणि शिष्यांना जवळ बोलावून सांगितले. त्याच्यामागे जे चालतात त्यांनी वधस्तंभ उचलावा, असे ते आहे; एका खोलीत एकट्या बसलेल्या मुलाने मुकाट राहावे, असे नाही. आणि येशूने तरी आपला वधस्तंभ गुलगुथ्यापर्यंत एकट्याने कोठे नेला? रानातून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला शिपायांनी वेठीस धरले आणि तो वाहायला लावला. वेठ हा शब्द आपल्या जुन्या माणसांना चांगला ठाऊक आहे. शिमोन स्वखुशीने आला नव्हता. तरीही मार्क त्याची ओळख 'आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप' अशी करून देतो, म्हणजे मार्काच्या वाचकांना ते दोघे मुलगे परिचयाचे होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस पौल रूफाला आणि 'त्याच्या व माझ्याही आईला' सलाम पाठवतो. तो रूफ हाच, असे पुष्कळांना वाटते. खात्रीने सांगता येत नाही. पण तसे असेल तर एका वाटसरूने वेठीने उचललेल्या ओझ्यापासून पौलाला आई मिळण्यापर्यंत ती गोष्ट पोहोचली, हे मला फार आवडते. तुम्हालाही मंडळीत असे घर मिळाले पाहिजे, जेथे रविवारी उपासनेनंतर जेवायला बसता येईल. मिळत नसेल तर पाळकांना तोंड उघडून सांगा, संकोच करू नका.

'घरच्यांचा मोह सोड' हा सल्ला मात्र मला मुळीच मान्य नाही. येशूचे आप्त त्याला भान राहिले नाही असे समजून धरायला आले होते, हे मार्काच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्याचे भाऊही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असे योहान सांगतो. तेव्हा घरातले एकटेपण त्याने अनुभवले होते. तरी त्याने मरताना आईकडे पाहिले, आणि त्याचा भाऊ याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला.

तुमच्या शहराशी ज्यांचा संबंध आहे त्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, हे आपल्या लोकांना ठाऊक असते. पण १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या आणि ती ताटातूट काही वर्षे चालली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. आपण बहुधा टिळकांनी काय सोडले ते सांगतो. ज्यांना मागे राहावे लागले त्या लक्ष्मीबाईंचे एकटेपण तितकेच खरे होते, आणि ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते. हे मी तुम्हाला अशासाठी सांगतो की तुमच्या खोलीत जसे एकटेपण आहे, तसे तुमच्या गावच्या घरातही आहे. वडिलांनी बोलणे टाकले, पण मुलगा गमावला असे त्यांना वाटत असेल तर त्या माणसाची रात्र कशी जात असेल? त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काही पटवायला जाऊ नका. पगारातून आईच्या औषधाला पैसे पाठवा, सुगीत एखादा दिवस रजा काढून शेतावर जा, वडील बोलले नाहीत तरी त्यांच्या शेजारी काम करा. वधस्तंभ उचलणे याचा अर्थ तुमच्या बाबतीत मला तरी असा दिसतो.

प्रश्न : माझ्या आईचे वय चौऱ्याऐंशी असून ती वर्षभर अंथरुणाला खिळलेली आहे. तिची आठवणही गेली आहे, कधी कधी ती मला ओळखत नाही. येत्या उत्तम शुक्रवारी तिला चर्चमध्ये नेता येणार नाही आणि तिला सोडून मलाही जाता येणार नाही. घरी काय वाचावे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तीन तास वाचू नका, ती थकेल आणि तुम्हीही थकाल. पाळकांना आठवडाभर आधी कळवून प्रभुभोजन घरी आणण्याची विनंती करा. ते आपले काम आहे, त्यात उपकार नाहीत. शुक्रवारी दुपारी बाविसावे स्तोत्र तिला ठाऊक असलेल्या जुन्या भाषांतरातून वाचा, कारण नवी वाक्ये तिच्या कानाला अनोळखी वाटतील आणि लहानपणी पाठ केलेली कदाचित ओठांवर येतील. मग योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील पंचविसावे ते सत्ताविसावे वचन वाचा. ती तीन वचने वाचताना तिचा हात हातात असू द्या. "पाहा, ही तुझी आई" येथे आल्यावर थोडे थांबा, आणि तिने तुम्हाला ओळखले नाही तर तुमचे नाव तिला पुन्हा सांगा.